चकाराचा नियम

यंत्राचं पाळण्यातलं नाव 'कालसूत्र' असं भारदस्त होतं, पण बांधकामाच्या साइटवर त्या नावानं त्याला कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. सगळे त्याला जोशीबुवा म्हणत. कुठल्या कामाला कधी हात घालायचा, कोणी कुणासाठी थांबायचं, याचे मुहूर्त तेच काढत ना! फरक इतकाच, की गावातल्या जोशीबुवांना गळ घातली तर ते जवळचा मुहूर्त शोधून देतात. हे जोशीबुवा तसले नव्हते.

या जोशीबुवांचं पोट बिघडलं की पुण्याच्या कंपनीतून ऋजुता चौगुलेला बोलावणं जाई. वेळापत्रकं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. हणमापूरच्या नदीवरचा पूल अडला तेव्हाही तीच आली.

साइटचे इंजिनिअर सरफराज मुजावर तिला घ्यायला फाटकापर्यंत आले. भला माणूस, पण जागरणांनी डोळे तारवटलेले.

"मॅडम, जोशीबुवा रुसून बसलेत बगा. पुढं सरकायचं नावच न्हाई."

ऋजुतानं पत्र्याच्या केबिनमध्ये बसून तक्ता उघडला. दुखणं नेहमीचंच निघालं. कठड्याचं रंगकाम परांचीच्या तपासणीसाठी थांबलं होतं. तपासणी थांबली होती जास्तीची परांची उतरण्यासाठी, आणि परांची उतरायची थांबली होती रंगकाम होण्यासाठी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशातली गत. तिनं एक दुवा तोडला, तशा अडलेल्या तारखा भराभर पुढे सरकल्या. मग तिला दिसलं की गावच्या जत्रेच्या दिवसांत जोशीबुवांनी दुहेरी पाळ्या लावून ठेवल्या आहेत. त्या दिवसांत हणमापुरात कुत्रंसुद्धा कामावर येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं जत्रा कॅलेंडरात घातली. चहा येईपर्यंत वेळापत्रक वाहतं झालं.

"तुमच्या हाताला गुण हाय," मुजावर म्हणाले. मग जरा चाचरले. "आणि एक होतं. सेंटरिंगच्या चौगुले मिस्त्रींचं."

ऋजुतानं चहाचा कप खाली ठेवला. बाबगोंडा चौगुले या साइटवर आहेत हे तिला निघतानाच माहीत होतं. आपल्या बापाचं नाव माणूस यादीत कसं चुकवणार?

आता जोशीबुवांची विद्या थोडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं उमगायचं नाही.

पूर्वी वेळापत्रक म्हणजे साहेबानं संगणकावर काढलेला आडव्या पट्ट्यांचा तक्ता असे. काम कुठवर आलं, हे आठवड्याला एकदा विचारायचं, समोरच्यानं "होतंय" म्हणायचं, आणि तक्ता भिंतीवर पिवळा पडायचा. कालसूत्रानं ती कटकटच मिटवली. साइटवरच्या प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये एक कान आणि एक तोंड बसवलं. माणसं एकमेकांशी जे बोलतात ते यंत्र ऐकायचं, त्यातून काय झालं, काय राहिलं ते ताडायचं आणि पुढची कामं त्या त्या माणसाच्या कानात सांगायचं. काँक्रीटच्या गाड्या तेच मागवायचं, पंपही तेच चालवायचं. साहेबांनी फक्त बघत बसायचं.

पहिल्या वर्षी मात्र त्याचं मराठीपुढं काही चालेना. कुणाला विचारलं, "टाकी झाली का?" तर उत्तर यायचं, "झालीच!" यंत्र लिहायचं, झाली. जागेवर जाऊन बघावं तर नुसता खड्डा. तेव्हा ऋजुतानं तो प्रसिद्ध नियम लिहिला. भूतकाळाच्या क्रियापदाला 'च' चिकटला, की ती गोष्ट झालेली नसते. होऊ घातलेली असते. 'आलोच' म्हणणारा माणूस आलेला नसतो, 'झालंच' म्हणजे अजून आहे. पण किती आहे? ते माणसावर असतं. म्हणून यंत्र प्रत्येकाचं बोलणं आणि प्रत्यक्ष घडणं ताडून बघू लागलं आणि त्यावरून त्याला शंभरापैकी एक अंक देऊ लागलं. तो भरवसा-अंक. कंपनीत याला चकाराचा नियम म्हणत. त्या नियमानं राज्यभरातले पूल आणि टाक्या वेळेवर होऊ लागल्या, ऋजुताला बढती मिळाली आणि तिचा स्वतःचा अंक सत्त्याण्णवावर जाऊन बसला.

नियम शिकवायला यंत्राला लाखो संभाषणं दिली होती. पण पहिलं उदाहरण ऋजुतानं घरातलं घातलं होतं. जयसिंगपूरच्या घरी आप्पांचा साइटवरून फोन यायचा, "आलोच बग." आई बंब पेटवायची. पाणी तापायचं, निवायचं, पुन्हा तापायचं. आप्पा कधी दुसऱ्या दिवशी येत, कधी दुसऱ्या महिन्यात. आई गेली त्या दिवशीही ते "आलोच" होते. ऋजुतानं ते कधी विसरायचं म्हटलं नाही.

दुपारी ती पुलाखाली गेली. पुलाच्या तिसऱ्या गाळ्याखाली लोखंडी टेकूंचं रान उभं होतं. ओला स्लॅब स्वतःच्या जिवावर उभा राहीपर्यंत त्याला खालून पेलून धरायचं, ते हे सेंटरिंग. त्याच्या सावलीत आप्पा फळीवर बसून भाकरी खात होते. अंगानं वाळलेले, मिशा पांढऱ्या, कानावर पेन्सिल.

"ये," ते म्हणाले. "जेवलीस?"

"जेवले."

"खोटं बोलू नगंस. तुझा आकडा घसरंल." ते स्वतःशीच हसले आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "माझा किती हाय ठावं हाय का तुला? अकरा. अख्ख्या साइटीवर खालून पयला. पोरं म्हणत्यात, आप्पा, तुमच्या टोळीत आलं की आमचाबी आकडा पडतोय. या स्लॅबनंतर मला कोण बोलवंल वाटत न्हाई."

ऋजुतानं भाकरीचा तुकडा मोडला.

"त्या जोश्याला तूच शिकवलंयस म्हणं, माझं बोलणं खोटं म्हणून?"

"खोटं नाही आप्पा. उशिराचं."

"उशीर येगळा आणि खोटं येगळं, ह्ये तुझ्या यंत्राला कळतंय का?" त्यांचा आवाज चढला नाही, पण घास हातातच राहिला. "परवा म्हटलं, हिकडं प्यायचं पाणी संपत आलंय. पोरं दुपारपतूर तहानली, टँकर न्हाई. मुजावरसायबानं इचारलं, तर जोशीबुवा म्हणतोय, चौगुले म्हणतोय म्हणजे अजून लई शिल्लक असंल."

अंक वेळेपुरता होता. काम कधी संपेल याचा अंदाज बांधायला. पण एकदा अंक हाताशी आल्यावर कंपनीतल्या कुणीतरी तो सगळ्याच बोलण्याला लावला असणार. एक मोजमाप असताना दुसरं कोण कशाला करतो? हे चुकीचं आहे, हे तिला तिथेच लख्ख कळलं.

"पुण्याला गेल्यावर बघतेच," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. दोघंही हसली. पुष्कळ वर्षांनी हसली असतील. पण आईचं नाव मात्र दोघांपैकी कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्याचा स्लॅब होता. वेळापत्रक नीट चालतंय ना, हे बघायला ऋजुता थांबली. खरं सांगायचं तर त्यासाठी थांबायची काही गरज नव्हती.

बांधकामावर काँक्रीट ओतून झालं की 'स्लॅब पडला' म्हणायची रीत आहे. पेढे वाटतात, नारळ फोडतात, 'आज आमचा स्लॅब पडला' असं घरमालक चारचौघांत मिरवून सांगतो. त्या शब्दात कुणाला कधी वावगं वाटलेलं नाही. हणमापुरातही सकाळपासून तेच चाललं होतं. वर पंप धडधडत होता, माणसं गुडघाभर काँक्रीटमध्ये उभी होती, आणि कानात जोशीबुवा शांतपणे सांगत होते, इकडे ओता, तिकडे सरका. पंपाच्या आवाजात शेजारच्याचं ओरडणं ऐकू जात नव्हतं. जोशीबुवा सांगतील तेच कानात. खाली टेकूंजवळ आप्पा आणि त्यांचा जोडीदार मल्लाप्पा एवढे दोघेच होते.

केबिनमध्ये ऋजुता आणि मुजावर पडद्यासमोर बसले होते. निम्मं काँक्रीट ओतून झालं असेल नसेल, एवढ्यात आप्पांचा आवाज आला.

"पडलाच! ए, स्लॅब पडलाच रं!"

पडद्यावर अक्षरं उमटली. 'गाळा तीन, स्लॅब ओतण्याचं काम संपत आल्याची खबर. सांगणारे बा. चौगुले, भरवसा अकरा. काम बरंच शिल्लक धरलं आहे. काँक्रीटच्या जादा गाड्या मागवल्या आहेत. पंपाचा वेग वाढवला आहे.'

"आप्पाबी काय वो," मुजावर हसले. "निम्मा न्हाई झाला तवर पडला म्हणायला लागले."

ऋजुता हसली नाही. तो आवाज तिनं आयुष्यभर टेलिफोनवर ऐकला होता. थापा मारताना आप्पांचा आवाज गोड होई, लाडात येई. हा आवाज फाटलेला होता.

"आप्पा! काय झालं?"

"बूड बसलं गं! खालची माती दबली! टेकू सुटाय लागलाय, पंप बंद करा, वरच्यांना उतरवा!"

जोशीबुवांनी हेही इमानेइतबारे लिहून घेतलं. 'टेकूविषयी तक्रार. भरवसा अकरा. तपासणी उद्या सकाळी.' टेकूंवर भार मोजणारे काटे बसवलेले होते. ज्याच्या बुडाखालची माती दबली त्या टेकूवरचा भार साहजिकच कमी झाला होता. काट्याच्या दृष्टीनं ती चांगलीच बातमी. बाजूच्या टेकूंवरचा भार वाढला होता, पण मर्यादेत होता. जमीन खचतेय हे सांगणारा काटा कुणी बसवला नव्हता.

मुजावरांनी पंप थांबवायची खूण दाबली. यंत्रानं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. उत्तर आलं, भार मर्यादेत आहे, कारण पुरेसं नाही. मुजावरांनी एक कचकचीत शिवी हासडली आणि हेल्मेट न घालताच ते पुलाकडे पळत सुटले. पण पूल लांब होता आणि वरची माणसं त्याहून उंच.

ऋजुतापाशी सत्त्याण्णव होते. आपण बोलू ते जोशीबुवा ऐकतील. पण बोलायचं काय? 'स्लॅब पडतोय' म्हणावं, तर यंत्र म्हणणार, हो, सकाळपासून पडतोय. 'पडणार आहे' म्हटलं, तर तो संध्याकाळी पडणारच होता, वेळापत्रकात तसंच लिहिलं होतं. 'टेकू सुटतोय' म्हटलं, तर काटे उलट साक्ष देणार. नियम तिचाच, त्याच्या भिंती कुठे कुठे आहेत ते तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकच वाक्य असं होतं, की जे तपासत न बसता यंत्र सगळं थांबवतं.

"माणूस गाडला गेलाय," ती म्हणाली. "गाळा तीन. माणूस गाडला गेलाय."

भोंगा झाला. पंप गपकन बंद पडला. वरच्या सगळ्यांच्या कानात एकच हुकूम गेला आणि माणसं फावडी टाकून उताराकडे धावली.

टेकूंतून आप्पा बाहेर आले ते वेड्यासारखे. मल्लाप्पाला त्यांनी दंडाला धरून ओढत आणला होता. वरून उतरलेल्यांची तोंडं ते एकेक करून चाचपत होते. "सगळी हाईत की. मग कोण? कोण गाडलं?" ऋजुता समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. नुसते खाली बसले.

पण भोंगा कामगारांच्या वस्तीवरही ऐकू गेला होता, आणि माणूस गाडला गेला तरच तो वाजतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. फाटकाशी बायका गोळा झाल्या. कुणी पिठाच्या हातांनी, कुणी अनवाणी. मल्लाप्पाची बायको यल्लव्वा सगळ्यांत पुढे होती. मल्लाप्पा खाली काम करतो हे तिला माहीत होतं. गाडला जायचा तर तोच.

"कोण वो बाई? सांगा की! कोण गेला?"

"कुणी नाही," ऋजुता म्हणाली. "सगळे बरे आहेत. कुणीच गाडलं गेलेलं नाही. मीच तसं सांगितलं."

यल्लव्वाला ते कळायला वेळ लागला. मागून मल्लाप्पा चालत येताना दिसला, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि जी रडायला लागली ती थांबेना. मग तिनं तोंड वर केलं.

"मग का बोंबललात? माझा जीव हितंच गेला की वो. खोटं बोलून का मारताय आमाला?"

ऋजुताला यल्लव्वाचे पाय धरावेसे वाटले. पण धरले नाहीत, नुसती उभी राहिली. आजही ती ते आठवलं की कासावीस होते.

आणि स्लॅब पडला नाही.

संध्याकाळपर्यंत तो तसाच उभा होता, निम्मा ओतलेला, निम्मा रिकामा. मुजावरांनी मापं काढली. तो टेकू बुडाशी दोन बोटं खचला होता. तज्ज्ञ आले, त्यांनी वाकून पाहिलं, चष्मे पुसले आणि लिहिलं, 'गंभीर ठरू शकलं असतं, किंवा नसतंही.' अर्धवट स्लॅब फोडून काढायचं ठरलं. पूल लांबणीवर पडला. त्या पावसाळ्यातही हणमापूरच्या पोरांना शाळेला नावेतूनच जायला लागणार होतं.

जोशीबुवांनी दिवसाचा हिशेब मिटवला. 'खोटी वर्दी. सांगणाऱ्या ऋ. चौगुले. भरवसा नऊ.'

बापाला अकरा, लेकीला नऊ.

दोन दिवसांनी कंपनीच्या सबनीस मॅडम पडद्यावर आल्या. ऋजुताला हाताला धरून या कामात आणणाऱ्या त्याच. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि दुःख जास्त होतं. ऋजुताच्या शेजारी आप्पांनाही बसवलं होतं.

"तू खोटं बोललीस?"

"हो."

"स्लॅब कोसळला असता?"

ऋजुतानं मान खाली घातली. "सांगता येत नाही."

"चौगुले, तुम्ही सांगा. तुम्ही खाली होतात."

"पडलाच असता की ओ!" आप्पा उसळून म्हणाले. लेकीसाठी त्यांना याहून जोरात काही बोलता येत नव्हतं. जबानी यंत्रच उतरवून घेत होतं. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली, 'पडला नसता. शक्यता जास्त.' आप्पांना ती चष्म्याशिवाय वाचता आली नाहीत. ऋजुताला आली.

"मॅडम, हेच, हेच बघा," ती म्हणाली. "नियम चुकलाय. माणूस घाबरतो तेव्हाही 'च' लावूनच ओरडतो. पडलाच, गेलाच, तुटलाच. माझा नियम त्या ओरडण्याला कामाची खबर समजतो आणि वर जादा काँक्रीट पाठवतो! आणि जो उशीर करतो तो खोटारडा, असं धरून बसतो. हे सगळ्या साइटवर चालू आहे. आज, आत्ता. मी परवाच दुरुस्तीची तक्रार टाकलीय."

"पाहिली. रांगेत आहे."

"रांग कोण लावतं?"

कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींचा क्रम कालसूत्रच लावायचं. तक्रार करणाऱ्याचा अंक बघून.

"तुम्ही हातानं वर घ्या ना ती."

"ऋजुता, रोज ढिगानं तक्रारी येतात. प्रत्येकाला आपलीच आगीसारखी वाटते. आणि मला सांग..." त्यांचा आवाज खरोखर अवघडलेला होता. "हा नियम बरोबर आहे असं तू सांगितलंस, तेव्हा तुझा अंक चांगला होता. तो चूक आहे असं आता सांगतेस, आता अंक नऊ आहे. यातल्या कुठल्या ऋजुतावर मी विश्वास ठेवू?"

पडदा काळा झाला. ऋजुतानं तक्रार उघडून पाहिली. रांगेत तिच्या मागे कुणी नव्हतं. पुढे किती होते ते तिनं मोजायचं सोडून दिलं. नवी तक्रार आली की ती हिच्या पुढे जाऊन बसत होती, त्यामुळे हिची पाळी कधीच येणार नव्हती. वेळापत्रकाच्या दुरुस्तीत असली लटकलेली कामं तिनं शेकड्यानं सोडवली होती. हे सोडवायला तिच्याकडे आता यंत्रात शिरायची चावीही नव्हती. सकाळीच काढून घेतली होती.

रात्रभर ती जयसिंगपूरच्या घरी जागी होती. सकाळी आप्पा उठून आले तर ती पायरीवर बसलेली.

"आप्पा, आज कुठं कुठं स्लॅब असतील?"

"इथनं सांगलीपतूर म्हणशील तर धा-बारा असत्याल. पुढचं काय सांगू?"

"तिथले सेंटरिंगवाले तुमच्या ओळखीचे?"

"निम्मे माझ्या हाताखाली शिकल्यात," आप्पा म्हणाले. मग तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं, आणि ते आत जाऊन चष्मा आणि फोन घेऊन आले.

पहिला फोन भूपाल मिस्त्रीला. पाण्याच्या उंच टाकीचं काम, आणि थोड्या वेळात काँक्रीट सुरू व्हायचं होतं. आप्पांनी रामराम केला आणि फोन लेकीच्या हातात दिला. ऋजुतानं सगळं सांगितलं. नियम, अंक, हणमापूर. खाली काही बिनसलं तर 'पडलाच', 'गेलाच' असं ओरडू नका, 'च' न लावता नेमकं काय होतंय ते सांगा.

भूपाल मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, डोक्यावर स्लॅब यायला लागल्यावर माणूस व्याकरण बघून ओरडतोय व्हय?"

ऋजुतानं डोळे मिटले. तिची सगळी हुशारी त्या एका वाक्यात वाहून गेली. खरंच की, असं कोण ओरडतं? माणसाच्या घशातून जे निघायचं तेच निघणार. आणि ऐकणाऱ्यानंच कान दुरुस्त करायला हवेत. यंत्राचे होईनात, तर माणसाचे.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मग असं करा. पंपाच्या वायरीपाशी एक माणूस उभा करा. डोक्याला हेल्मेट नको, कानात जोशीबुवा नकोत. नजर खालच्यांवर ठेवायची, आणि खालून कुणी काहीही ओरडलं, नुसता हात जरी हलवला, की आधी वायर ओढायची. विचारायचं नंतर."

"हेल्मेट काढलं की जोशी त्याची हजेरी कापतोय."

"कापू दे," आप्पा मागून ओरडले. "त्याला म्हणावं, माझ्याकडनं घे!"

भूपाल हसला. "बरं बरं. करतो उभा. ठेवा आता, गाडी आलीया."

"ठेवत नाही," ऋजुता म्हणाली. "तुम्ही माणूस उभा करा, त्याच्या हातात फोन द्या. तोवर मी धरून बसते."

"माझ्यावर इस्वास न्हाई व्हय मॅडम?"

"आहे. म्हणूनच थांबलेय."

पलीकडे चपलांचा आवाज झाला. कुणीतरी कुणाला हाक मारली, काही वाद झाला, कुणी शिवी दिली, मग गाडीचा आवाज. ऋजुता फोन कानाशी घट्ट धरून होती. आप्पा शेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी पुढचा नंबर काढून ठेवला. ऊन अंगणात आलं. कुणाची अशी वाट पाहणं तिला नवं नव्हतं, पण या वेळी तिला राग येत नव्हता. भीती मात्र वाटत होती.

शेवटी एक अनोळखी, तरुण आवाज आला.

"हॅलो? मी पंपापाशी उभा हाय. मिस्त्री म्हणालं तुमी सांगणार. मी ऐकायचं कुणाचं?"

ऋजुतानं आप्पांकडे पाहिलं.

"खाली जो असेल त्याचं," ती म्हणाली.